बिननंबरची गाडी

आमच्या गोठ्यात एक मोटारसायकल उभी आहे. घेतली तेव्हा कोरी करकरीत होती. नंबर प्लेटवर एमएच ३८ च्या पुढं आजवर काही लागलं नाही. परवा गावातल्याच एका पोरानं विचारलं, "काका, देता का?" म्हणलं, बाबा, कागदं कुठून देऊ?

गोष्ट मार्च २०२०ची. हळदीचे पैसे हातात आलेले, आणि दुकानात बीएस-४ गाड्यांवर सूट. सूट कशाची, हे आम्ही कुणीच विचारलं नाही. पाडवा २५ मार्चला होता. धाकट्यानं आठवडाभर आधीच गाडी आणली. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा, पासिंग पाडव्यानंतर करू." पाडव्याच्याच दिवशी देश बंद झाला.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-४ गाडी विकायची नाही आणि नोंदवायचीही नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २४ ऑक्टोबर २०१८लाच सांगून ठेवलं होतं. त्याआधी २०१७ला बीएस-३चंही असंच झालेलं. शेवटच्या दोन दिवसांत गाड्या मिळेल त्या भावात विकल्या गेल्या. म्हणजे तारीख दुकानदाराला तोंडपाठ होती, आम्हालाच नव्हती.

लॉकडाऊन म्हणून कोर्टानं २७ मार्चला थोडी सवलत दिली, ती ८ जुलैला काढून घेतली. ३१ जुलैला नोंदणीच थांबवली. १३ ऑगस्टला सांगितलं, दिल्ली परिसर सोडून ३१ मार्चपर्यंत विकलेल्या आणि ई-वाहन पोर्टलवर चढवलेल्या गाड्यांचं पासिंग होईल. आमची पावती १९ मार्चची, पण पोर्टलवर गाडीच नाही. त्यानं चढवलीच नव्हती. शेजाऱ्याची त्याच आठवड्यातली गाडी पास झाली, कारण त्यानं पैसे मोजतानाच नंबरासाठी हट्ट धरला होता. आम्ही भांडायला गेलो तर दुकानदार म्हणतो, "सूट घेताना गोड लागली ना?"

नियमाशी माझं भांडण नाही. बीएस-५ गाळून सरकार थेट बीएस-६वर आलं, पेट्रोलातलं गंधक ५० पीपीएमवरून १०वर आणलं, धूर कमी झाला तर चांगलंच. पण तारखेचा भुर्दंड गाडी विकणाऱ्याला नाही, घेणाऱ्याला बसला. नवी गाडी घेत असाल तर नंबर पडल्याशिवाय चावी घेऊ नका.

त्या साली दिवाळीच्या आधी आबांच्या छातीत दुखायला लागलं. रात्री दुसरं वाहन मिळेना, तेव्हा हीच गाडी काढून सेनगावला नेलं. आबा मागं कण्हत होते अन् माझ्या डोक्यात एकच, कुणाला धक्का लागला तर विमा कंपनी दारात उभं करणार नाही. आबा बरे झाले. दुसऱ्या दिवशी धाकट्यानं चावी खुंटीवरून काढली अन् पेटीत टाकली.