गोळी पोटात गेली का?

नर्सिंगच्या मुलींचे संशोधन-प्रकल्प मी बरीच वर्षं तपासते आहे. शीर्षक न वाचताही सांगता येतं: अमुक गावातल्या मातांच्या तमुक विषयावरील ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता. आधी प्रश्नावली, मग तक्ते दाखवून तासभर शिकवणं, आठवड्याने पुन्हा तीच प्रश्नावली. गुण वाढतात. वाढणारच, उत्तरं आपणच सांगून आलेलो असतो! टी-टेस्ट लावायची, सोनेरी अक्षरांत बाइंडिंग करायचं, एक्स्टर्नल खूश. त्या बाईने लोहाची गोळी घेतली का आणि तिचं हिमोग्लोबिन वाढलं का, हे मात्र वहीत कुठेच नसतं.

पुराव्यावर आधारित शुश्रूषा आता अभ्यासक्रमात आहे. मुली तिची व्याख्या घडाघडा म्हणतात. पण पुरावा म्हणजे परदेशी जर्नलमधलं काहीतरी, अशी त्यांची समजूत असते. मग मी त्यांना आपल्याच जिल्ह्यातला एक अभ्यास वाचायला देते. तुळजापूर-लोहारा भागातल्या १३ ते १७ वर्षांच्या १०१० मुलींचं रक्त तपासून तो झाला आणि २०१७ मध्ये ‘पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात छापून आला. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनचा त्यात हात होता. १०० पैकी ८७ मुलींना रक्तक्षय निघाला. हे वाचल्यावर वर्गात शांतता पसरते, कारण वाचणाऱ्यांपैकी कित्येकींचं वय काल-परवापर्यंत तेच होतं.

एवढ्यावर थांबलं तर तीही एक आकडेवारीच. खरं काम पुढे आहे. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते. मळमळतं, शौचाला काळी होते, एखादी मैत्रीण काहीतरी सांगते आणि गोळी दप्तरात राहते. गरोदर बाईला लाल गोळी मिळते. ती सकाळच्या चहाबरोबर घेतली जाते किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत एकाच घोटात. चहा आणि कॅल्शियम दोन्ही लोह नीट अंगी लागू देत नाहीत. गरोदरपणातल्या तपासणीच्या (एएनसीच्या) दिवशी ‘गोळ्या घेता ना?’ असं विचारलं की बाई ‘हो’ म्हणते. तिला कशाबरोबर, किती वाजता आणि पाकिटात किती उरल्या, हे विचारणारी नर्स मला हवी आहे. हिमोग्लोबिन मोजतानाही तेच. साहलीच्या नळीत रंग जुळवायचा म्हणजे डोळ्यांचा अंदाज. दोघींनी एकच नमुना पाहिला तर आकडा वेगळा येऊ शकतो. म्हणून शक्य तिथे डिजिटल यंत्र वापरा, असं अ‍ॅनिमिया मुक्त भारत कार्यक्रम सांगतो.

लेबर रूममध्ये बाळाची नाळ किमान एक मिनिट थांबून बांधावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या मिनिटात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढच्या काही महिन्यांचा लोहाचा साठा वाढतो. रक्तक्षयी आयांच्या जिल्ह्यात याहून स्वस्त उपचार कोणता? तरीही रात्रपाळीत एकच सिस्टर आणि दोन टेबलं असली की तिचे हात लगेच चिमट्याकडे जातात. पुरावा छापून आला म्हणून वॉर्ड बदलत नाही. माणसं पुरेशी लागतात, इन्चार्ज सिस्टरची संमती लागते. विद्यार्थिनीने ‘असं का करतो?’ विचारलं तर तिला उद्धट न म्हणणारं वातावरण लागतं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, असं माझं मत.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावच्या बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, तेव्हा त्या किती गुणांनी पास झाल्या यावर ते थांबले नाहीत, किती बाळं जगली ते मोजलं. शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने ते छापलं आणि आज आशाताई घरोघरी भेटी देतात, त्यामागे हा आकडा आहे.

म्हणून शिक्षक मंडळींना विनंती, येत्या वर्षी एका तरी गटाला ज्ञानाची प्रश्नावली देऊ नका. तीन महिने वीस गरोदर बायांच्या गोळ्या मोजायला लावा, आधी आणि नंतर हिमोग्लोबिन घ्यायला सांगा. निकाल वाईट आला तरी छापा. आणि वाचकहो, घरात शाळकरी मुलगी असेल तर तिचं हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या. कमी निघालं तर डॉक्टरांना दाखवा, आणि गोळी चालू झाली की ती लिंबूपाण्याबरोबर द्या, चहा नंतर.