खर्चाची चौकट

उत्पन्नाचा आकडा शेतकरी विचारायच्या आधी सांगतो. किती क्रेट निघाले, कितव्या तोड्याला काय भाव सापडला, सगळं तोंडावर असतं. खर्चाचं विचारलं की तो एकदा रानाकडं बघतो आणि म्हणतो, "धरा की दीड-पावणेदोन लाख." तो खोटं बोलत नसतो. तो हिशेब त्यानं कधी एका जागी मांडलेलाच नसतो. आमच्या यशोगाथेच्या शेवटी खर्च, उत्पन्न आणि निव्वळ नफा अशी जी चौकट असते, तिच्यात मात्र हा 'धरा की' गळून पडतो आणि नुसता आकडा उरतो.

शेतीच्या पत्रकारितेत उभा जन्म गेला, पण ही चौकट मला अजून पुरती जमलेली नाही. बाकीचं जमतं. विद्यापीठाची शिफारस सोप्या भाषेत आणता येते, कीड-रोगाचं पान वेळेवर लावता येतं, शास्त्रज्ञाला अर्ध्या तासात बोलतं करता येतं. पण वाचक लेख चौकटीपासून वाचतो. अंक हातात पडला की सकाळी सहापासून लेखाखालच्या नंबरवर फोन सुरू होतात. रोप कुठल्या नर्सरीतलं, तार किती लागली, एवढ्यात खरंच भागलं का? त्यातला कुणीतरी त्या चौकटीवर भरवसा ठेवून सोसायटीचं कर्ज उचलणार असतो. म्हणून माझा जीव तिथं अडकतो.

हे आत्ता लिहायला बसलो, कारण माझा डावा कान गेला आहे आणि उजवाही फार दिवस साथ देईलसं दिसत नाही. विहिरीवर मोटार चालू असली किंवा शेजारच्या द्राक्षबागेत ब्लोअर फिरत असला की हलक्या आवाजात सांगितलेला आकडा माझ्यापर्यंत पोचत नाही. आणि खर्चाचा आकडा नेहमी हलक्या आवाजातच सांगितला जातो. त्यामुळं हल्ली माझ्याबरोबर एक तरुण सहकारी येते. राहुरीची कृषी पदवीधर, वडिलांची जिरायत शेती. ती विचारते, मी बांधावर बसून बघतो. महाराष्ट्रात शेतकऱ्याकडून खर्च काढून घेण्यात आपला हात धरणारा कुणी नाही, असा माझा कैक वर्षांचा अभिमान आहे. दुसऱ्याला विचारू देणं त्यामुळं मला फार जड गेलं. अजून जातं.

माझी रीत अशी की खर्च हा शब्दच काढायचा नाही. नांगरटीपासून सुरुवात करायची आणि हंगाम पायी चालत यावा तसं विचारत यायचं. बांबू विकतचे की गेल्या सालचे? औषध रोखीनं आणलं की उधारीवर? कारण उधारीचा भाव वेगळा असतो आणि दुकानदार तो बिलावर लिहीत नाही. तोडणीच्या बायका गावातल्या की गाडीनं आलेल्या? गाडीनं आल्या असतील तर गाडीभाडं कुणी दिलं? सुतळी किती बंडलं? एक बांधणी झाली की तीन? वही शेवटपर्यंत बाहेर काढायची नाही, वही दिसली की आकडे गुळगुळीत होतात.

मग पट्टी मागायची. व्यापाऱ्याची पट्टी म्हणजे कार्बनखालून उमटलेला पातळ कागद. वीजबिल, पासबुक आणि सातबारा यांच्याबरोबर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तो घडी करून ठेवलेला असतो. क्रेट किती, भाव काय, मग खाली हमाली, तोलाई, गाडीभाडं, आणि कोपऱ्यात पेनानं लिहिलेली 'उचल', म्हणजे हंगामाच्या तोंडाला त्याच व्यापाऱ्याकडून घेतलेले पैसे. 2016 साली फळं-भाजीपाल्याची आडत खरेदीदारानं द्यायची असं ठरलं, तेव्हापासून कागदोपत्री तो रकाना रिकामा झाला. पण पट्टी नीट वाचायची गरज संपली नाही. शेतकरी दाखवतो ती भाव लागलेल्या तोड्याची. मी शेवटच्या तोड्याची मागतो. माल उतरलेला असतो, तोडणीची मजुरीही निघत नाही, तरी वेल सोडवत नाही म्हणून माणसं तोडत राहतात. त्या पट्टीशिवाय टोमॅटोच्या एकराचा हिशेब पुरा होत नाही.

एवढं करूनही एक रकाना उरतो. तो पट्टीत नसतो, कृषी सेवा केंद्राच्या वहीत नसतो, शेतकऱ्याच्या डोक्यातही नसतो. घरची माणसं. नवरा-बायको मिळून पाच महिने एका एकरात राबतात, लेकरं शाळेतून आली की सुतळी धरतात. सावडीनं काम झालं असेल तर आणखी पंचाईत. आज चार घरच्या बायका आपल्या रानात बांधणीला आल्या, उद्या आपली बाई त्यांच्या रानात जाणार. पैसा कुठंच फिरला नाही, दिवस मात्र गेले.

सोपा हिशेब मांडू. महिन्याचे 26 दिवस धरले तर पाच महिन्यांचे 130. बाईची रोजी 300 आणि गड्याची 500 धरली, तर दोघांचे 1,04,000 रुपये होतात. चौकटीत निव्वळ नफा 1,20,000 छापला असेल, तर हा रकाना भरल्यावर उरले 16,000. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि अडकलेल्या भांडवलाचं व्याज अजून धरलेलं नाही. ते धरलं की काय उरतं हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

कृषी मूल्य आयोग हाच हिशेब तीन पायऱ्यांनी करतो. ए-टू म्हणजे खिशातून गेलेला खर्च, त्यात घरच्यांची मजुरी मिळवली की ए-टू अधिक एफएल, आणि त्यावर स्वतःच्या जमिनीचा खंड नि भांडवलाचं व्याज चढवलं की सी-टू. 2018 च्या अर्थसंकल्पात दीडपट हमीभावाची घोषणा झाली, तेव्हा दीडपट कशाच्या, यावर देशभर वाद झाला. सरकारनं ए-टू अधिक एफएल धरलं, शेतकरी संघटना सी-टूवर अडून बसल्या. तो वाद वाचताना मला आमची चौकट दिसत होती. सरकारनं निदान घरच्यांची मजुरी तरी धरली. आम्ही यशोगाथेत तीही धरत नाही, आणि वर शेतीचं वास्तव मांडतो म्हणून सांगतो.

धरत का नाही? कारण ती धरली की यशोगाथा उरत नाही. आणि यशोगाथा उरली नाही की त्या माणसाची गावातली इभ्रत जाते. हे शहरात बसलेल्याला पटकन कळणार नाही. ज्या घरावर लेख येतो, त्या घरातल्या पोराला स्थळं यायला लागतात. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही अशा या काळात आमचं कात्रण बघायच्या कार्यक्रमात टीपॉयवर ठेवलेलं असतं. बँकेचा साहेब एकदा खुर्ची पुढं करतो. तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा छापला गेलेला असतो, आणि मी त्याच्या चौकटीत 16,000 लिहायचे? आणि नाही लिहिले, तर ज्यानं ती चौकट वाचून एक एकर वाढवलं त्याला काय सांगायचं?

लिहिलेल्याचा परिणाम होतो, हे आम्हाला 2023 नं दाखवलं. जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला. जुन्नरच्या शेतकऱ्यांनी कोटी कमावल्याच्या बातम्या दिल्लीपर्यंत पोचल्या. वर्षानुवर्षं शेतीचं पान नसलेल्या वर्तमानपत्रांनीही पहिल्या पानावर टोमॅटो लावला. त्या बातम्या वाचून ज्यांनी लागवड केली, त्यांचा माल सप्टेंबरच्या पुढं आला. तेव्हा त्याच क्रेटला शंभर रुपयेही मिळेनात अशी ठिकाणं होती, लोकांनी माल रस्त्यावर ओतला. लागवडीपासून पहिल्या तोड्यापर्यंत दोन-सव्वादोन महिने जातात, हे बातमीत कुणी लिहिलं नव्हतं. भावाची बातमी ही लागवडीची शिफारस नव्हे, हे छापणं शेतीच्या पत्रकाराचं काम आहे, आणि ते प्रत्येक हंगामात नव्यानं छापलं पाहिजे.

मोबाइलवरच्या चित्रफितींबद्दल माझं मत कडू आहे आणि ते मी लपवणार नाही. 'एकरात दहा लाख' असं ठळक अक्षरात लिहायचं, हिरव्यागार पिकात उभं राहायचं, आणि खर्चाला एक वाक्य. वाक्य संपायच्या आत कुठल्यातरी जैविक टॉनिकची बाटली पडद्यावर येते. पण मी कागदवाल्यांनाही मोकळं सोडत नाही. आमच्याकडं बाटली लेखात येत नाही, शेजारच्या अर्ध्या पानावर येते. 2005 साली 'ॲग्रोवन' सुरू झालं, शेतीसाठी अख्खं दैनिक, तेव्हा मला वाटलं होतं की आता जागेची अडचण संपली. जागा खरंच मिळाली. बाजारभाव, हवामान, कीड सल्ला रोज घरात आले, हे मोठं काम झालं. पुरा खर्च छापायचं धाडस मात्र जागेवर अवलंबून नसतं. फुल्यांनी 1883 मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, सुरुवातीचे भाग 'दीनबंधू'त आले, पुढचे छापायला बहुजनांचंच ते पत्र कचरलं. संपूर्ण पुस्तक जोतिरावांच्या हयातीत निघालं नाही. शेतकऱ्याचं पुरं दुखणं छापताना हात आखडणं आमच्या धंद्यात इतकं जुनं आहे.

माझ्यातला एक दोष इथं लिहिला पाहिजे. पूर्वी लिहिलेल्या घरात पुन्हा गेलो की माझी नजर आधी भिंतीवर जाते. लॅमिनेशन केलेलं कात्रण तिथं असतं, आजोबांच्या फोटोशेजारी, कुठं बैलजोडीच्या फोटोखाली. आणि मी बघतो की माझं नाव त्यात आलंय की कात्रीखाली गेलंय. आलेलं असलं की मला अजूनही आनंद होतो. लिहिताना ती भिंत डोळ्यापुढं असते. फोन करणारा वाचक मागून येतो.

माझ्या सहकारी मुलीला ती भिंत दिसत नाही. गेल्या महिन्यात टोमॅटो लावलेल्या एका भाऊंच्या घरी तिनं पट्ट्या, उधारीची वही सगळं मिळवलं, मग घरातल्या वहिनींबरोबर ओट्यावर बसून कुठल्या महिन्यात किती दिवस रानात गेले ते कॅलेंडरवर खुणा करून मोजलं. दूधवाल्याच्या खाड्यांवरून दिवस आठवत गेले. ज्या दिवशी दूध घालायला उशीर झाला, तो तोड्याचा दिवस. ही युक्ती मला कधी सुचली नव्हती, आणि मला तिचा हेवा वाटला. तिनं मजुरीचा रकाना भरला, नफा उतरला. लेख जुळवून झाला आणि भाऊंचा फोन आला. "दादा, तेवढं मजुरीचं काढा. लेकाचं जमवायचंय."

आम्ही दोघं त्यावर भांडलो. मी म्हणालो रुपये काढू, दिवस ठेवू. चौकटीत 'घरची दोन माणसं, 130 दिवस' अशी ओळ गेली. भाऊंनी ती मान्य केली, दिवसांची कुणाला लाज वाटत नाही. ती म्हणाली, "सर, हे वाचकावर ढकलणं झालं. गुणाकार त्यानं का करायचा?" मला वाटतं, शेतकरी वाचक तो गुणाकार करतो. तिला वाटतं, आकडा छापलेला नसला की माणूस स्वतःला सोयीचा धरतो. तिच्या बोलण्यात वजन आहे. तरी भाऊंच्या फोननंतर रुपये छापायला माझा हात धजला नसता, आज पुन्हा वेळ आली तरी धजणार नाही.

तिचं पुढचं म्हणणं मात्र मी उचलून धरलं आहे. एका हंगामाची चौकट छापायचीच नाही. त्याच रानात तीन हंगाम जायचं, पीक कुठलंही असो, पडो वा लागो, आणि तिन्हीचा हिशेब एकत्र मांडायचा. भाऊ तयार आहेत. टोमॅटो उपटून तिथं आता कांदा लावला आहे. संपादकांकडं मी अख्खं पान मागितलं, अर्धं कबूल झालं आहे, कारण उरलेल्या अर्ध्यावर जाहिरात ठरलेली आहे. सोमवारच्या बैठकीत ते अर्धं पुन्हा मागणार आहे. बोलेल ती, ऐकू येईल तेवढं मी ऐकेन.