मामा तलावाच्या काठावरून

९ मे
मासेमारी सोसायटीच्या बायका आज पहाटेच तलावात उतरल्या. पाणी मधल्या खोलगटापुरते उरले आहे. बाकी सगळा भेगाळलेला गाळ आणि त्यावर पुरुषभर वाढलेली बेशरम. तिला कापून चालत नाही. कापलेली कांडी ओल्या चिखलात पडली की तिथेच मुळे फोडते. म्हणून कुदळीने मुळासकट उपटायची, डोक्यावरून बांधावर न्यायची, उन्हात कडकडीत वाळवायची आणि मग जाळायची. मूळची ही अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली. गुरे तोंड लावत नाहीत म्हणून लोकांनी कुंपणाला लावली आणि कुंपणावरून ती पाण्यात शिरली. ती दाट झाली की तळाला ऊन पोचत नाही, पाण्यातल्या वनस्पती मरतात आणि माशांना अंडी घालायला आसरा उरत नाही.

दहाच्या पुढे मला उभे राहवेना. बायका अकरापर्यंत होत्या. त्यांच्या या कामाची नोंद कुठल्या कागदावर होत नाही, म्हणून ती इथे तरी असावी.

१७ मे
नववीच्या मुलींना घेऊन पारेवरून फिरले. पार म्हणजे बांध, तुडूम म्हणजे पाणी सोडायची मोरी, सलंग म्हणजे जादा पाणी जाण्याचा सांडवा, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. पण तलाव कुणी बांधले म्हटल्यावर बहुतेकींचे उत्तर एकच: सरकारने. मग झाडाखाली बसून गोंड राजवटीपासून सुरुवात केली. त्या राजांनी जमिनी देऊन तलाव बांधायला उत्तेजन दिले आणि कोहळी समाजाने ते बांधले. नवेगावबांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सगळेच सांगतात. तिथल्या सात टेकड्या मुलींनी सहलीत पाहिलेल्या आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतले साडेसहा हजारांहून अधिक तलाव कागदावर ‘माजी मालगुजारी’ झाले आणि बोलताना ‘मामा’. शेतकऱ्यांकडे सिंचनाचा निस्तार हक्क राहिला, मासेमारी संस्थांना ठेक्याने मिळू लागली. दरवर्षी पारेवर माती टाकायला, तुडूम साफ करायला अख्खे गाव निघायचे, ते मात्र हळूहळू थांबले. आमच्या पाण्याची आबाळ मला तिथूनच सुरू झालेली दिसते.

२ जून
ग्रामपंचायतीत गाळाची बैठक. शेतकऱ्यांना गाळ हवा आहे आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. धानाच्या बांधीत त्याच्याइतके चांगले काही पडत नाही. वाद होता तो कुठून आणि किती खोल काढायचा याचा. यंत्र एका जागी उभे राहून सरळसोट खड्डा करते. सोसायटीतले एक म्हातारे मामाजी बराच वेळ गप्प होते, मग उठले. “तळाला गवत होतं तवा पानी निर्मळ होतं जी. गवत गेलं, पानी गढूळ झालं. आता खड्डे केले त गवत उगवंल कुठं?”

त्यांचे म्हणणे मी फळ्यावर काढून दाखवले. उतरत्या, उथळ काठावर ऊन तळापर्यंत जाते, म्हणून तिथे वनस्पती रुजतात. त्यांची मुळे गाळ धरून ठेवतात, पाने पाण्यातले खत शोषतात. खड्ड्याच्या उभ्या भिंतीवर यातले काहीच होत नाही. शिवाय गाळाखाली चिकणमातीचा थर असतो, तो फोडला तर पाणी जिरून जाते. दोन तास बोलणे झाले. शेवटी ठरले की गाळ फक्त पारेकडच्या भागातून, वरवरचा काढायचा. उगवतीकडच्या उथळ काठाला यंत्राने हात लावायचा नाही.

२६ जून
पाऊस लागला. चांगल्या तलावातून ओल्या पोत्यांत हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया आणल्या, काठासाठी देवधान. मुळांशी चिखलाचा गोळा बांधायचा आणि पायाने तळात दाबायचा. बायका कंबरभर पाण्यात रांगेने पुढे सरकत होत्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने आणि ढीवरांच्या मासेमारी संस्थांनी या तालुक्यातल्या तलावांवर हे आधी करून दाखवले आहे, त्यामुळे ‘तलावात गवत लावायचं?’ असे विचारणारे आता फार नाहीत. लावलेल्या भागाभोवती जाळी बांधली.

१९ जुलै
रोवणी जोरात. मुलींनी पत्र्याची वीस सेंटिमीटरची गोल तबकडी कापून चार भाग आलटूनपालटून काळे-पांढरे रंगवले. दोरीला बांधून ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरी मोजायची. अँजेलो सेक्की या इटालियन पाद्र्याने, जो खगोलशास्त्रज्ञही होता, १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून ही रीत घालून दिली. काळे-पांढरे भाग पुढे आले. आमची तबकडी मधल्या पाण्यात गुडघाभरही गेली नाही. लावणीच्या जाळीत त्याहून हातभर खोल दिसली.

गढूळपणा दोन तऱ्हेचा असतो, तो मुलींना डोळ्यांनी ओळखता यायला हवा. तांबूस असेल तर शेतातून आलेली माती, हिरवट असेल तर शैवाल. पण दुसऱ्याचे मूळ बऱ्याचदा पहिल्यात असते. डीएपीच्या पोत्यात शेकडा ४६ भाग फॉस्फेट. ते मातीच्या कणांना चिकटते आणि पावसाबरोबर तलावात उतरते. खत टाकल्यावर काही दिवस बांधीचे पाणी धुऱ्याच्या आत अडवून धरले तर शेतकऱ्याचा पैसा वाचतो आणि तलावही. हे मुलींनी आपापल्या घरी सांगायचे आहे. माझ्यापेक्षा त्यांचे घरात जास्त ऐकतात.

१४ ऑगस्ट
पहाटे सोसायटीतून निरोप: मासे वर येऊन तोंड उघडताहेत. गेले तेव्हा उजाडत होते. रात्री प्रकाश नसतो तेव्हा शैवालही प्राणवायू घेते, त्यामुळे सूर्य उगवायच्या आधी तो सर्वांत कमी असतो. त्यात आठवडाभर ढग. ऊन पडल्यावर मासे खाली गेले, मेले कमीच. पण काठावरच्या सगळ्यांचे चेहरे उतरलेले होते. रोहू-कतल्याच्या बोटुकलीत वर्षाचा पैसा गुंतलेला असतो.

त्या निमित्ताने गवत्या माशाचा विषय निघाला. तो लवकर वाढतो, विकलाही जातो, पण वाढतो तो तळाच्या वनस्पती खाऊन. यंदा त्याची बोटुकली सोडायची नाही, असे बायकांनी आग्रहाने ठरवून घेतले. मार्टेन शेफर या डच शास्त्रज्ञाने १९९३ मध्ये मांडले की उथळ तलाव दोन अवस्थांपैकी एकीत टिकून राहतो: वनस्पती असलेला नितळ किंवा शैवालाने भरलेला गढूळ. आणि एकदा गढूळ झाला की नुसते खत कमी करून सहज परतत नाही. मामाजींनी जून महिन्यात सांगितले ते हेच. त्यांनी ते उभा जन्म जाळे टाकताना पाहिले आहे. तलावाबद्दलचा कोणताही निर्णय त्यांना आणि या बायकांना विचारल्याशिवाय होऊ नये, एवढे माझे ठाम मत आहे.

७ सप्टेंबर
काल गणपती गेले. जन्माष्टमीचा कानोबा मातीचाच असतो, घरच्या कुंभाराकडचा. त्याचा प्रश्न नव्हता. प्लास्टरच्या मूर्तींसाठी पारेखाली टाके केले होते. प्लास्टर महिनोन्महिने विरघळत नाही आणि रंगांतले धातू गाळात बसतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची विसर्जनाबाबतची मार्गदर्शक तत्त्वे २०१० पासून आहेत, २०२० मध्ये ती सुधारली गेली, पण इथे ती लागू झाली आरतीनंतर पोरींनी हात जोडून विनंती केली म्हणून. दोन मंडळांनी ऐकले नाही. निर्माल्य मात्र झाडून सगळे वेगळे जमा झाले.

११ ऑक्टोबर
जाळीच्या आत तबकडी आज तळाला टेकेपर्यंत दिसली. मधले पाणी अजून हिरवट आहे, पण जुलैपेक्षा बरे. व्हॅलिस्नेरियाच्या पट्ट्यांत मरळीची पिल्ले पाहिली; एका आजींनी ती कुणाला धरू दिली नाहीत.

आता खरा पेच. परतीचा पाऊस झाला नाही आणि धानाला शेवटचे पाणी हवे. शेतकऱ्यांचा हक्क जुना आहे, पीक ओंबीवर आलेले आहे. पाणी द्यायलाच हवे. पण तलाव पुरता उतरला तर लावलेले सगळे उघडे पडून वाळेल. बैठकीत ठरले की तुडूम उघडायचे, पाळीपाळीने बांध्या भिजवायच्या आणि पारेवर रंगवलेल्या खुणेपर्यंत पाणी आले की बंद करायचे. कागदावर सह्या झाल्या. नहराच्या शेपटाकडच्या काही शेतकऱ्यांनी केल्या नाहीत. पाणी त्यांच्यापर्यंत येता येता संपते, ही त्यांची तक्रार खरी आहे. उद्या सोसायटीच्या दोघी आणि मी त्यांच्या बांधीवर जाणार आहोत. पहिली पाळी शेपटाला द्यावी, असे सुचवणार आहोत.