हरण्याचा कडबा

२०१५च्या मार्चात गोवंश हत्याबंदी लागू झाली. गायीला संरक्षण १९७६च्या कायद्यानं होतंच. आता बैल, वळूही त्यात आले. आमचा हरण्या तेव्हा पार थकलेला. बसला की उठवायला तीन माणसं लागत. बाजारात नेला तर व्यापारी दात बघायलाही थांबेना. जुन्याचे चार पैसे यायचे, त्यात भर घालून नवा घ्यायचा, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशोबच मोडला. त्यात दुष्काळ, कडबा सोन्याच्या भावानं.

सत्ताधारी पक्षाचे एक पुढारी गावात आले. आबा म्हणाले, "सायेब, कायदा ऱ्हाऊ द्या, पर वैरण तरी द्या." पुढारी गोमातेवर बोलले अन् गाडीत बसले. त्यांच्या दारात दोन ट्रॅक्टर, गोठ्यात शेपूट नाही.

२०१७ साली त्याच पक्षाचे गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर विधानसभेत म्हणाले, गोमांसाचा तुटवडा पडू देणार नाही, बेळगावहून आणायची सोय ठेवलीय. मी बातमी वाचून दाखवली.

"म्हंजी शिव वलांडली का गोमातेची निस्ती गाय हुती व्हय?" आबा म्हणाले.

तोवर हरण्याला बांधाकडेला पुरून वर्ष झालं होतं. कडब्याची उधारी अजून फिटायची होती.