लाकडी जहाजाची जुळणी

लाकडी जहाजाची लहान प्रतिकृती करायची तर तिचे सुटे भाग एका खोक्यात तयार मिळतात. प्लायवुडच्या कापलेल्या फासळ्या, बारीक पट्ट्यांच्या जुड्या, दोऱ्याची रिळे, छोटे पितळी खिळे आणि घडी घातलेले मोठमोठे नकाशे. असे एक खोके माझ्या हाती आले. त्यावर लिहिले होते, ‘कटी सार्क’. प्रमाण शंभरास एक.

खरे कटी सार्क स्कॉटलंडमधील डंबार्टन येथे बांधले गेले. २२ नोव्हेंबर १८६९ रोजी ते पाण्यात उतरले. चीनमधला नवा चहा लंडनला सर्वांच्या आधी पोचवायचा, एवढ्याचसाठी ते इतके निमुळते आणि वेगवान केले होते. पण त्याच्या केवळ पाच दिवस आधी सुएझ कालवा खुला झाला होता. आगबोटी त्या जवळच्या वाटेने जाऊ लागल्या. शिडाच्या जहाजांना मात्र आफ्रिकेला वळसा घालूनच जावे लागे. म्हणजे जन्मतःच म्हातारे ठरलेले हे जहाज! मला त्याची माया वाटू लागली ती बहुधा यामुळेच.

आमच्या शेजारी सारंगचाचा राहतात. सारंग म्हणजे जहाजावरील खलाशांचा मुकादम. चाचांचे लहानपण वडिलांच्या शिडाच्या गलबतावर गेले आणि नोकरी मोठ्या मालवाहू बोटींवर झाली. काचबिंदूमुळे त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. या रोगात गेलेली नजर परत येत नाही, असे डॉक्टरांनी सांगितले तेव्हापासून ते ओट्यावर गप्प बसून असत. कोणी बोलावले तर म्हणत, “माझं आता काय काम?”

लाकूड घासल्याचा आवाज ऐकून एके दिवशी ते आपण होऊन आमच्याकडे आले.

“काय बांधताय, मास्तर?”

“जहाज, चाचा.”

त्यांनी सांगाड्यावरून हळूच बोटे फिरवली. कण्यावर बसवलेल्या फासळ्या एकेक करून मोजल्या. मग म्हणाले, “आता फळी डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक, अशीच लावा. एकाच बाजूनं लावत गेलात तर कणा पिळतो.” माहितीपत्रकात हेच चित्रासह दिले होते. चाचांना ते दिसणे शक्यच नव्हते.

पट्ट्यांचे काम संथ असते. जहाजाच्या पुढच्या टोकाशी पट्टीला बाक द्यावा लागतो. कोरडी पट्टी वाकवली की मोडते, म्हणून ती गरम पाण्यात भिजवायची, फासळ्यांवर वाकवून टाचण्यांनी अडकवायची आणि वाळल्यावर गोंदाने चिकटवायची. टोकाकडे जागा कमी होत जाते, तेव्हा प्रत्येक पट्टी तिकडे तासून अरुंद करायची. दिवसाला चार पट्ट्या झाल्या की पुष्कळ. घाई करणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. चाचा भिजलेली पट्टी हातात घेऊन सांगत, “अजून थांबा,” किंवा “आता वाकेल.”

काम करताना शब्दांची मौज चाले. तुम्ही उर्दूत लंगर म्हणता, आम्ही मराठीत नांगर म्हणतो. तुमचा नाखुदा आमच्या किनाऱ्यावर नाखवा होतो. खलाशी, बंदर, जहाज हे तर दोन्हीकडचेच.

एका संध्याकाळी मी त्यांना १८७२ सालची हकिगत वाचून दाखवली. कटी सार्क आणि थर्मोपिली ही दोन जहाजे चहा घेऊन शांघायहून निघाली. कटी सार्क पुढे होते. हिंदी महासागरात वादळ झाले आणि त्याचे सुकाणूच तुटून गेले. कप्तान बंदराचा आसरा घ्यायला तयार झाला नाही. खवळलेल्या समुद्रात जहाजावरच्या माणसांनी नवे सुकाणू तयार करून बसवले. थर्मोपिलीनंतर आठवड्याने ते लंडनला पोचले.

चाचांनी एवढेच विचारले, “लाकूड कुठलं वापरलं?”

“जहाजावर जादा ठेवलेल्या काठ्यांचं.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मास्तर, दोऱ्या कधी बांधणार?”

डोलकाठ्यांना दोन्ही बाजूंनी ताणलेले दोर असतात. त्यांवर आडव्या दोऱ्या बांधून खलाशांना वर चढायची शिडी करतात. दोर आणि दोरी जिथे जिथे भेटतात, तिथे तिथे गाठ. अशा शेकडो गाठी! दोऱ्याची लव बसावी म्हणून तो आधी मेणावरून ओढून घ्यायचा. मग दोन वेढे घालून टोक दुसऱ्या वेढ्याखाली सरकवायचे आणि ताणायचे. माझ्या चिमट्याने एक गाठ होईपर्यंत चाचांच्या बोटांनी तीन होत. मी त्यांना फक्त कोणता दोर कोणता ते सांगत असे. प्रत्येक गाठीवर गोंदाचा थेंब टाका, असे नकाशात लिहिले होते. चाचांनी साफ नकार दिला. “गाठ नीट असली तर गोंद कशाला?”

खरे कटी सार्क १९५४ पासून लंडनमधील ग्रिनिचच्या कोरड्या गोदीत उभे आहे. २००७ साली त्याला मोठी आग लागली. दुरुस्तीसाठी त्याचे बरेच भाग आधीच काढून ठेवले होते, ते वाचले. २०१२ मध्ये ते पुन्हा लोकांना पाहण्यासाठी खुले झाले. हे सांगितल्यावर चाचांनी सुताराची मजुरी किती झाली असेल, अशी चौकशी केली.

आमच्या जहाजाच्या दोन डोलकाठ्यांच्या शिड्या झाल्या आहेत, तिसरीची निम्मी बाकी आहे. असरची नमाज आटोपली की चाचा येतात, खुर्ची टेबलाजवळ ओढतात आणि कालची शेवटची गाठ बोटाने शोधून काढतात.