अडलेल्या चाकाची कमाई

जमाखर्चाच्या वहीत नुकसान म्हणून मांडलेली रक्कम पुढे कोणत्या रूपाने परत येईल, हे ती मांडणाऱ्या हाताला क्वचितच ठाऊक असते. मंगळावर फिरलेल्या ‘स्पिरिट’ या यंत्रयानाच्या खात्यावर असाच एक हिशेब आहे.

जानेवारी 2004 मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेचे हे सहा चाकी यान गुसेव्ह नावाच्या विवरात उतरले. अपेक्षा होती ती अवघ्या 90 मंगळदिवसांच्या कामाची. यान मात्र वर्षानुवर्षे चालत राहिले आणि विवरातील टेकड्यांपर्यंत पोहोचले. 2003 मध्ये ‘कोलंबिया’च्या दुर्घटनेत प्राण गमावलेल्या सात अंतराळवीरांची नावे त्या टेकड्यांना दिलेली आहेत, त्यांतील एक टेकडी कल्पना चावला यांच्या नावाची आहे.

मार्च 2006 मध्ये यानाचे पुढचे उजवे चाक बंद पडले. हिवाळा तोंडावर आला होता. सौरपट्ट्यांना पुरेसे ऊन मिळावे म्हणून ज्या चढावर जायचे ठरले होते, तो पाच चाकांना झेपेना. कोट्यवधी किलोमीटर दूर दुरुस्तीला कोण जाणार? अखेर यान उलटे चालवावे आणि निकामी चाक मागून फरफटत न्यावे, हाच मार्ग उरला.

ते फरफटणारे चाक नांगराच्या फाळासारखी जमीन उकरू लागले आणि तांबूस धुळीखालची उजळ माती वर आली. तपासणीत ती गंधकाच्या क्षारांनी, म्हणजेच सल्फेटांनी, भरलेली निघाली. बाजारात मिळणारा हिराकस ज्या कुळातला, त्याच कुळातील लोहाचे क्षार तिच्यात होते. असे क्षार साचण्यात पाण्याचा वाटा असतो. पुढे 2007 मध्ये त्याच चाकाच्या चरात सुमारे 90 टक्के सिलिका असलेली माती उघडी पडली. एके काळी तेथे उष्ण झरे किंवा ज्वालामुखीच्या वाफा असाव्यात, असे ती सुचवते. धडधाकट चाक कदाचित त्या धुळीवरून तसेच पुढे निघून गेले असते.

तथापि हिशेब तेथे मिटला नाही. 2009 मध्ये जमिनीचा वरचा पापुद्रा फुटला आणि यानाची चाके खालच्या भुसभुशीत, क्षारयुक्त मातीत रुतली. इकडे पृथ्वीवर, पासाडेना येथील प्रयोगशाळेत, तशीच माती कालवून तिच्यात दुसरे यान रुतवण्यात आले. सुटकेची एकेक चाल तेथे पारखण्यात आली. महिने उलटले, पण सुटका झाली नाही.

हालचाल थांबली, तरी तपासणी थांबली नव्हती. ज्या मातीने पाय धरून ठेवले, तिचेच थर यान न्याहाळत राहिले. सहज विरघळणारे क्षार खाली आणि न विरघळणारे वर, अशी त्यांची रचना दिसली. म्हणजे थोडेसे पाणी कधीतरी त्या मातीतून झिरपत खाली गेले असले पाहिजे. भरधाव जाणाऱ्याला ही गोष्ट कळण्यासारखी नव्हती. तिच्यासाठी एका जागी दीर्घकाळ थांबणेच भाग होते.

22 मार्च 2010 रोजी आलेला संदेश अखेरचा ठरला. एकूण 7.73 किलोमीटर चाललेले ते यान आजही त्याच मातीत उभे आहे.