तळ कोरडा आहे का?

सांगलीच्या माणसाने समुद्रात राहण्यासाठी बोट घ्यायची म्हटले की लोक हसतात. आमच्या घरातही आधी हसूच फुटले. भाईजान कुवेतची नोकरी संपवून कायमचे परतले आणि पहिल्याच जुम्याच्या जेवणानंतर त्यांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. पांढरी मोटार यॉट, आत दोन केबिन, ओटा, संडास-बाथरूम. सुटीत सगळ्या घराने दाभोळहून हर्णै, श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्याने जायचे आणि रात्री खाडीत नांगर टाकून बोटीतच झोपायचे, असे त्यांचे स्वप्न. नवी यॉट आवाक्याबाहेरची होती आणि व्याजाचे कर्ज काढायचे नाही हे पक्के होते. म्हणून जुनी बोट, तीही रोखीने. पैसे थोडे कमी पडत होते. आमची जुनी गाडी विकून आम्ही आमचा वाटा घालावा, असे ठरले.

भाभी एवढेच म्हणाल्या, "आधी बोटीत बसणाऱ्यांना विचारा, मग विकणाऱ्यांना."

त्यांच्या बोलण्याला कारण होते. सांगलीत बोट म्हटले की सहल आठवत नाही, २०१९ चा ऑगस्ट आठवतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. आमच्या गल्लीत माणसे पहिल्या मजल्यावरून बोटीत उतरली. गाडी चार दिवस बॉनेटपर्यंत पाण्यात उभी होती. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि १७ जण गेले, त्यांत बायका आणि मुले जास्त. बोटीत झेपतील त्याहून अधिक माणसे बसली होती. बाहेर पडायची घाई होती, त्यांना दोष कोण देणार? पण तेव्हापासून आमच्या घरात बोटीचा विषय निघाला की पहिला प्रश्न असतो, माणसे किती आणि लाइफ जॅकेट किती.

म्हणून डिसेंबरच्या सुटीत आम्ही त्याच गाडीने आधी साताऱ्याला गेलो आणि यवतेश्वर, कास करत बामणोलीला उतरलो. कासचे पठार तेव्हा वाळून पिवळे झाले होते. खाली शिवसागर पसरला होता, कोयना धरणाचा जलाशय. १०५ टीएमसी पाणी, पण काठावर उभे राहिले तर एखादी शांत खाडीच वाटते. या पाण्याखाली गावे आहेत. आम्हाला नेणाऱ्या नावाड्याच्या आजोबांचे शेतही त्यात गेले. ज्या पाण्याने जमीन घेतली त्याच पाण्यावर आता त्यांचे पोट चालते.

वासोट्याच्या दिशेने जाताना भाईजानांनी त्यांना यॉटचा फोटो दाखवला. म्हाताऱ्याने तो दूर धरून पाहिला आणि परत दिला.

"रंग चांगला हाय," ते म्हणाले. "पर बोट रंगावर तरंगत न्हाय, गुरुजी. पायाखालची फळी उचलून बघा. तळ कोरडा आहे का, तेवढं आधी बघा."

मग तासभर आमची शाळा भरली. बोट पाण्यात बघून व्यवहार करायचा नाही, ती काठावर ओढून घ्यायला सांगायची. फायबरच्या तळावर रुपयाचे नाणे आपटत जायचे. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत पाणी मुरले आहे. तळाला बारीक फोड दिसले तरी तेच समजायचे. इंजिनाला पहिल्यांदा हात लावून पाहायचे. आपण यायच्या आधीच ते गरम असेल, तर थंड असताना सुरू व्हायला कुरकुरते असे धरायचे. तेलाची पट्टी काढून पाहायची. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर त्यात पाणी शिरले. नोंदणी, तपासणीचा दाखला आणि विमा यांवर एकच नाव आणि एकच नंबर आहे का, ते ताडून पाहायचे.

"आणि खर्च?" भाभींनी विचारले.

"घेताना एकदा, पाळताना दरसाल." समुद्रात तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात, ते खरवडून पुन्हा रंग द्यावा लागतो. पावसाळ्यात बोट वर ओढून झाकून ठेवायची. जून-जुलैत मासेमारीवर बंदी असते, सराईत कोळ्यांच्या होड्याही काठावर असतात. तिथे हौशी माणसाने पाण्यात जायचे नाव काढू नये.

असरची वेळ झाली तेव्हा त्यांनी आपणहून इंजिन बंद केले. आम्ही किबला धरून उभे राहिलो, पण बोट सावकाश वळत होती आणि तिच्याबरोबर आम्हालाही वळावे लागत होते. मुलांना हसू आवरेना. सलाम फेरल्यावर आम्ही त्यांना हजरत नूह (अ.स.) यांच्या कश्तीची आठवण दिली. कुरआनात तिचा उल्लेख फळ्या आणि खिळ्यांची म्हणून येतो. अल्लाहच्या हुकमाने तरलेली कश्तीसुद्धा आधी फळी फळी जोडून नीट बांधावी लागली होती.

दुसऱ्या दिवशी कऱ्हाड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलो. शिवसागराचे पाणी दोन वाटांनी जाते. धरणातून सुटलेले कऱ्हाडला कृष्णेला मिळून आमच्या सांगलीकडे येते. वीज तयार करण्यासाठी डोंगरातून बोगद्याने नेलेले पाणी पोफळीला उतरते आणि वाशिष्ठीतून दाभोळच्या खाडीत, अरबी समुद्राला मिळते. आम्ही त्या दुसऱ्या पाण्याच्या मागोमाग निघालो होतो. खाडीच्या काठी फोटोतली यॉट उभी होती.

मालकाने चहा पाजला, गोड बोलला. रंग ताजा होता, गाद्यांचे अभ्रे नवे होते. भाईजान आधीच भाळले होते आणि फोनवरच्या बोलण्यावर २० हजार बयाणाही पाठवून बसले होते. आम्ही इंजिनाला हात लावला, ते गरम होते. पायाखालची फळी उचलायला सांगितली तेव्हा मालक थोडा थांबला. खाली वीतभर पाणी होते.

"सकाळीच धुतली ना, ते पाणी आहे," तो म्हणाला.

भाभी खाली वाकल्या. बोट बुडवून जिभेला लावले आणि म्हणाल्या, "भाईसाहेब, तुम्ही खाऱ्या पाण्याने धुता का?"

पुढचे सांगायला नको. नाणे दोन ठिकाणी बद्द वाजले. तपासणीच्या दाखल्याची मुदत संपली होती. लाइफ जॅकेट चारच होते. "जुन्या बोटीत एवढं चालतंच," असे मालकाचे म्हणणे. बयाण्यातले निम्मे पैसे परत मिळाले, निम्मे गेले.

परतताना घाटात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग भाईजानांनी मुलांना मदीनेच्या बाजारातली हदीस सांगितली. पैगंबर (स.) यांनी धान्याच्या ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. तेव्हा ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी त्याला विचारले. फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही, असे बजावले.

मागच्या सीटवरून आमच्या मुलीने विचारले, "मग आपली गाडी पुरात होती, ते घेणाऱ्याला सांगितलंय का?"

सांगितले नव्हते. गाडीला रंग दिला होता, सीटचे कव्हर नवे घातले होते. कोणी विचारले नाही तर बोलायचे नाही, असे आम्ही दोघांनी ठरवून ठेवले होते. तो मालक आणि आम्ही यांत फरक एवढाच होता की आमचा ओला तळ अजून कोणी उचलून पाहिला नव्हता.

रविवारी गाडी घ्यायला इस्लामपूरकडचा एक तरुण आला. बरोबर बायको आणि तान्हे बाळ होते. आम्ही त्याला २०१९ चे पाणी सांगितले, गॅरेजची बिले दाखवली, कोणते वायरिंग बदलले आणि कोणते बदलले नाही तेही सांगितले. तो बाजूला जाऊन बायकोशी बोलला. ३० हजार कमी करून गाडी घेतली. जाताना म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलंत म्हणून घेतली."

बोटीच्या वाट्यात आमचे तेवढे पैसे कमी पडले. भाईजान अजून शोधात आहेत. त्यांच्या वहीत आता फोटो नाहीत, प्रश्न लिहिलेले आहेत. पहिला प्रश्न तळाचा, दुसरा लाइफ जॅकेटचा. बोट मिळेपर्यंत दर हिवाळ्यात बामणोलीला जाऊन त्या म्हाताऱ्यांच्या बोटीत बसायचे, असे आम्ही ठरवले आहे. तिची फळी आम्ही उचलून पाहिली आहे. खाली कोरडे आहे.